तेराव्यानंतरची तारीख

30 जून 1997 रोजी दिल्लीत एक संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांचं एकमेकांशी ना नातं होतं, ना आधीची ओळख. कुणी मूल गमावलं होतं, कुणी बायको, कुणी भाऊ, कुणी एकाच दुपारी घरातली दोन-तीन माणसं. त्या दुपारला सतराच दिवस झाले होते. तेराव्याचे विधी आटोपून आठवडाही गेला नव्हता. ज्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांनी घर भरलेलं असतं आणि घरच्यांना आज वार कोणता हेही सांगता येत नाही, त्या दिवसांत ही माणसं एकमेकांचे पत्ते शोधत होती. संघटनेचं नाव 'असोसिएशन ऑफ व्हिक्टिम्स ऑफ उपहार ट्रॅजेडी'. तिच्यामागे प्रामुख्याने उभं राहिलेलं दाम्पत्य म्हणजे नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती. त्यांची 17 वर्षांची मुलगी आणि 13 वर्षांचा मुलगा, म्हणजे त्यांची दोन्ही मुलं, 13 जून 1997 रोजी ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहात तीनच्या खेळाला गेली होती. ती परत आली नाहीत.

माणूस गेल्यावर घरच्यांनी न्याय मागायचा तर काय काय करावं लागतं, त्यात किती वर्षं जातात, आणि त्या वर्षांत दुःखाचं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी मी उपहारची कहाणी मध्यभागी ठेवली आहे. आपल्या देशात अशा घटनांना तोटा नाही. पण इतक्या चिकाटीने, इतक्या वरच्या न्यायालयापर्यंत आणि इतकी वर्षं लढलेली कुटुंबं फार थोडी, आणि त्या लढ्याची इतकी सविस्तर नोंद तर त्याहून दुर्मीळ. कृष्णमूर्ती दाम्पत्याने 2016 साली 'ट्रायल बाय फायर' या नावाने स्वतःच ती लिहून काढली. जानेवारी 2023 मध्ये त्याच नावाची मालिका आली. मालिकेत नीलम यांची भूमिका मराठवाड्यातून आलेल्या राजश्री देशपांडे यांनी केली, आणि पुष्कळ मराठी घरांमध्ये उपहारचं नाव पहिल्यांदा पोचलं ते त्या मालिकेमुळेच. ती पाहून अस्वस्थ झालेल्या वाचकाला पुढची पानं उपयोगी पडावीत अशी इच्छा आहे.

आधी त्या दिवसाबद्दल. चित्रपट 'बॉर्डर', प्रदर्शनाचा पहिला दिवस. इमारतीच्या तळमजल्यावर वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याला लागूनच गाड्या उभ्या करायची जागा. सकाळी सातच्या सुमारास या ट्रान्सफॉर्मरला एकदा आग लागून गेली होती. वीज मंडळाची माणसं आली, त्यांनी केबलचा जोड योग्य यंत्राशिवाय हातोड्याने ठोकून बसवला आणि ती निघून गेली. दुपारी पाचच्या आत तो जोड सुटला. ठिणग्या उडाल्या, तेल गळलं, पेटलं, आणि शेजारच्या गाड्यांनी पेट घेतला. धूर जिन्याच्या पोकळीतून थेट वर बाल्कनीत चढला. दिवे गेले. कुणी सूचना दिली नाही. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी उजव्या बाजूची वाट बुजवलेली होती, आणि त्याच बाजूचं बाहेर पडायचं दार मालकांच्या कुटुंबासाठी केलेल्या आठ आसनी बॉक्समुळे अडलेलं होतं. दुसऱ्या दाराला कडी होती आणि दारावरचा माणूस जागेवर नव्हता. 59 माणसं गुदमरून मेली. त्यांत 23 मुलं होती. सैन्यातला एक तरुण कॅप्टन होता, त्याच्यासोबत त्याची बायको आणि चार वर्षांचा मुलगा. जखमी झालेल्यांची संख्या शंभरावर गेली.

हा तपशील मी मुद्दाम दिला. आग ही आग असते, तिला कोण काय करणार, असं आपण सहज बोलून जातो. पण 59 जणांच्या मृत्यूचं कारण शोधत गेलं की हाती लागतात त्या खुर्च्या, कडी, बॉक्स आणि परवाना. 1989 साली याच चित्रपटगृहात ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती. त्याच्याही आधी, 1983 साली, अग्निसुरक्षेच्या त्रुटींवरून प्रशासनाने परवाना निलंबित केला होता. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि पुढची चौदा वर्षं हे चित्रपटगृह दोन-दोन महिन्यांच्या तात्पुरत्या परवानग्यांवर चालत राहिलं. चौदा वर्षं दर दोन महिन्यांनी कुणीतरी कागदावर सही करत होतं. मुलं गमावलेल्या आईबापांनी हे कागद एकेक करून वाचले. आपलं मूल नशिबाने गेलं नाही, ते वाचवता आलं असतं, हे त्यांना कागदांतून कळत गेलं. माझ्या मते शोकाच्या आयुष्यातला हा सर्वात कठीण टप्पा आहे. 'देवाला आवडला' असं म्हणून मनाला थोडा तरी टेका मिळतो. कडी लावलेली होती हे कळल्यावर तो टेका निघून जातो.

मग माणूस न्यायालयाकडे वळतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. जमिनीच्या बांधावरून भांडणाऱ्या भावांना हा सल्ला ठीक असेल. मेलेल्या मुलाच्या बापाला तो देणं म्हणजे, तुझं मूल गेलं ते गेलं, आता आमच्या डोळ्यांसमोर तुझा त्रास नको, असं सांगणं आहे. मला हा सल्ला क्रूर वाटतो. तो देणारे बहुधा प्रेमाची माणसं असतात, त्यामुळे तो अधिकच लागतो.

उपहारच्या कुटुंबांनी पायरी चढली तेव्हा समोर काय होतं? तपास सीबीआयकडे गेला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये 16 जणांविरुद्ध आरोपपत्र दाखल झालं. आरोप निश्चित व्हायला मात्र 2001 साल उजाडलं. मालक बंधू सुशील आणि गोपाल अन्सल यांच्यावर लागू झालेलं मुख्य कलम भारतीय दंड विधानातलं 304अ, म्हणजे हलगर्जीपणाने मृत्यूस कारण होणं. हे कलम 1870 साली विधानात घातलं गेलं आणि त्याची कमाल शिक्षा होती दोन वर्षं. मरणारा एक असो की 59, शिक्षा तीच. कुटुंबांची मागणी होती की सदोष मनुष्यवधाचं कलम लावा. ती सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. नोव्हेंबर 2007 मध्ये सत्र न्यायालयाने मालकांसह 12 जणांना दोषी ठरवलं, मालकांना दोन वर्षं दिली. वर्षभराने उच्च न्यायालयाने ती एका वर्षावर आणली. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण शिक्षेवर दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. ऑगस्ट 2015 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रत्येकी 30 कोटी भरण्याच्या अटीवर दोघांना भोगलेल्या मुदतीवर मोकळं केलं. फेब्रुवारी 2017 मध्ये फेरविचारात एकाला उरलेली शिक्षा भोगायला सांगितलं, दुसऱ्याला वयामुळे सूट मिळाली. घटनेपासून त्या दिवसापर्यंत वीस वर्षं होत आली होती.

या सगळ्यात एक उपकथा आहे आणि ती मूळ कथेइतकीच अस्वस्थ करणारी आहे. खटला चालू असताना लक्षात आलं की न्यायालयाच्या ताब्यातले महत्त्वाचे कागद फाटलेले आहेत, काहींवर शाई सांडलेली आहे, काही नाहीसे झाले आहेत. कागद सांभाळणाऱ्या कारकुनाला बडतर्फ करण्यात आलं, पण त्याने काय होणार? नीलम कृष्णमूर्ती उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांच्या अर्जावरून वेगळा गुन्हा नोंदवला गेला. पुराव्यांत फेरफार केल्याबद्दल नोव्हेंबर 2021 मध्ये दोन्ही भावांना प्रत्येकी सात वर्षं कैद आणि सव्वादोन कोटी दंड झाला. जुलै 2022 मध्ये जिल्हा न्यायालयाने दोष तसाच ठेवून शिक्षा भोगलेल्या मुदतीवर आणली. म्हणजे ज्यांचं मूल गेलं त्यांनाच न्यायालयाच्या कपाटातला पुरावा राखण्यासाठी पहारा करावा लागला. हे काम सरकारचं होतं. ते न केल्याबद्दल सरकारला कुणी विचारलं नाही.

नुकसानभरपाईचा दावाही याच कुटुंबांनी वेगळा लढला, आणि तिथे आलेला अनुभव सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एप्रिल 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरच्या प्रत्येक मृतामागे 18 लाख आणि वीस वर्षांखालच्या मृतामागे 15 लाख देण्याचा आदेश दिला. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ते आकडे अनुक्रमे 10 लाख आणि साडेसात लाखांवर आणले, आणि दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून 25 लाखांवर. मूल कमावत नसतं, म्हणून त्याच्या जाण्याने होणारा तोटा कमी, असा त्यामागचा हिशोब. कायद्याच्या पुस्तकात तो हिशोब बसतही असेल. पण ज्या आईने दोन्ही मुलं गमावली तिला न्यायालयात बसून ऐकावं लागतं की तिचं तेरा वर्षांचं मूल पंचविशीतल्या माणसापेक्षा स्वस्त आहे. पैशासाठी लढताय का, असा प्रश्न या कुटुंबांना पुष्कळदा ऐकावा लागतो. भरपाईची रक्कम मोठी मागण्याचं कारण हव्यास असं समजणाऱ्यांनी इतकंच पाहावं: कडी उघडी ठेवण्यापेक्षा दंड भरणं स्वस्त पडत असेल तर कडी लावलेलीच राहील.

आता दुःखाबद्दल, कारण पुस्तकाचा अर्धा भाग त्याबद्दल आहे. आपल्या धर्मशास्त्राने शोकाला मुदती घालून दिल्या आहेत. सुतक दहा दिवसांचं, तेराव्याला गोडाचं जेवण, वर्षाने वर्षश्राद्ध. त्यामागे शहाणपण आहे. कोसळलेल्या घराला उद्या काय करायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. आधुनिक मानसशास्त्रानेही आपल्या परीने मुदती घातल्या. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 साली मांडलेल्या पाच अवस्था, म्हणजे नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार, आज कुणालाही पाठ असतात. त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांशी बोलून नव्हेत, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने 2022 साली दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आजार म्हणून जागा दिली. प्रौढांसाठी तिथली मुदत बारा महिन्यांची आहे. ज्याला वर्षानंतरही अन्न जात नाही, झोप लागत नाही, त्याला या निदानामुळे मदत मिळत असेल तर ती मिळावीच. पण उपहारच्या कुटुंबांना आरोप निश्चित होण्याचीच चार वर्षं वाट पाहावी लागली. बारा महिन्यांनी त्यांचं दुःख कुठे असायला हवं होतं?

न्यायालयाची प्रत्येक तारीख मरणाचा तपशील पुन्हा समोर आणते. शवविच्छेदनाचा अहवाल वाचला जातो. पंचनामा वाचला जातो. बाल्कनीत कोण कुठे सापडलं, धुरात माणूस किती मिनिटं शुद्धीत राहतो, यावर तज्ज्ञांची उलटतपासणी होते, आणि मागच्या बाकावर आई बसलेली असते. मग आरोपीचा वकील आजारी पडतो आणि पुढची तारीख पडते. जखम बरी व्हायची तर ती झाकावी लागते, आणि न्याय मिळवायचा तर ती उघडी ठेवावी लागते, अशी या माणसांची अवस्था होते.

आणि तरीही, याच कुटुंबांकडे पाहिल्यावर मला दुसरी बाजूही दिसते, आणि हे पुस्तक मुख्यतः तिच्यासाठी लिहिलं गेलं. 1996 साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी एक ग्रंथ संपादित केला. गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडणं म्हणजे बरं होणं, ही तोवरची समजूत त्यांनी बाजूला सारली. नातं टिकतं, त्याचं रूप बदलतं, आणि ते रूप सापडलं की माणूस जगू लागतो, असं त्यांचं म्हणणं. मुलाचं दप्तर भरणं, डबा देणं, शाळेच्या सभेला जाणं ही आईची कामं एका दुपारी थांबली. त्या जागी फायली आल्या, अर्ज आले, वकिलांच्या भेटी आल्या. मुलासाठी काही करत राहण्याचा तोच एक मार्ग उरला होता. म्हणून 'आता सोडा, किती दिवस लढणार' असं म्हणणाऱ्याला हे दिसत नाही की तो आईला आईपण सोडायला सांगतो आहे. मला वाटतं, या माणसांना न्यायाने बरं केलं नाही, कारण पुरता न्याय त्यांना मिळालाच नाही. त्यांना उभं ठेवलं ते न्याय मागण्याने, आणि एकट्याने न मागता मिळून मागण्याने. उपहारसमोरच्या 'स्मृती उपवन' या छोट्या बागेत 59 जणांची नावं कोरलेली आहेत. 13 जूनला कुटुंबं तिथे जमतात. ज्याला आपल्या मुलाचं नाव उच्चारलं की समोरचा विषय बदलतो याची सवय झाली आहे, त्याला वर्षातून एकदा तरी ते नाव मोठ्याने घेता येतं.

महाराष्ट्रात अशीच एक तारीख पुण्याने पाळली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर झाली. त्यानंतर दर महिन्याच्या 20 तारखेला त्यांचे कुटुंबीय आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्याच पुलावर जमत राहिले. तपास पुणे पोलिसांकडून सीबीआयकडे गेला, उच्च न्यायालयाने त्यावर वर्षानुवर्षं देखरेख ठेवली, आणि 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. कट रचणारे कोण, याचं उत्तर त्या निकालातून मिळालं नाही. हत्या आणि हलगर्जीपणा ही वेगळी प्रकरणं आहेत, मी त्यांची सरमिसळ करत नाही. पण उघड्यावर, ठरलेल्या दिवशी, नाव घेऊन उभं राहण्याचं बळ दोन्हीकडे सारखं आहे.

आणि हलगर्जीपणासाठी आपल्याला दिल्लीला जायची गरज नाही. डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगरून 23 जण गेले. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ज्यांच्या घरातली ही बाळं होती ती बहुतेक माणसं खेड्यांतली, रोजंदारीवरची. त्यांनी वीस वर्षं तारखा कशा करायच्या? एका तारखेची मजुरी बुडाली तर संध्याकाळची चूल अडते. कृष्णमूर्ती दाम्पत्याकडे शिक्षण होतं, इंग्रजी होतं, त्यांचं प्रकरण विनामूल्य लढणारे के. टी. एस. तुलसी यांच्यासारखे ज्येष्ठ वकील होते, आणि तरी त्यांची ही गत झाली. हे लक्षात ठेवूनच पुढची प्रकरणं वाचावीत. जी कुटुंबं लढली नाहीत त्यांचं प्रेम कमी होतं असा अर्थ कुणी काढू नये. मदत म्हणून मिळालेला धनादेश घेऊन जे गप्प बसले, त्यांना घरातली उरलेली मुलं वाढवायची होती.

कायद्यात काही बदल झाले आहेत, ते वाचकाला माहीत असावेत. पूर्वी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चाले आणि ज्याचं माणूस गेलं तो फार तर साक्षीदार. 31 डिसेंबर 2009 पासून पीडिताला, म्हणजे मृताच्या वारसालाही, सुटकेविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येतं. आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. शिक्षा कमी दिली म्हणून अपील करण्याचा हक्क मात्र अजूनही सरकारलाच आहे. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी, न्यायालयाच्या परवानगीने, आपला वकील नेमता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितांनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे, आणि हलगर्जीपणाने मृत्यूची कमाल शिक्षा दोनावरून पाच वर्षांवर गेली आहे. हे हक्क कागदावर आहेत. पोलीस ठाण्यात जाऊन ते मागावे लागतात, आणि मागताना कलम तोंडपाठ असलेलं बरं, म्हणून ती सगळी माहिती शेवटच्या प्रकरणात सोप्या भाषेत दिली आहे.

हे पुस्तक वाचणाऱ्यांत अशी माणसं असतील ज्यांच्या घरात हे घडलं आहे. त्यांना सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. बाकीच्यांना मात्र एक विनंती आहे. तुमच्या वस्तीत, नात्यात, कचेरीत असं एखादं कुटुंब असेल. तेराव्यानंतर त्यांच्याकडे कुणी जात नाही. त्यांची पुढची तारीख कधी आहे ते विचारा, त्या दिवशी रजा काढा, आणि त्यांच्यासोबत न्यायालयात जाऊन बसा.